तिरोडीचे वांग

बालाघाट जिल्ह्यात आडनाव सांगितलं की माणसाची निम्मी ओळख होऊन जाते. बिसेन, पटले, रहांगडाले, कटरे, टेंभरे, तुरकर म्हटलं की समोरचा पोवार. उईके, मरकाम, टेकाम, धुर्वे म्हटलं की गोंड. सोयरिकीच्या बैठकीत चहा येण्याआधी कुळाची चौकशी होते. याच जिल्ह्यात, महाराष्ट्राच्या हद्दीलगतच्या तिरोडी गावात, यांपैकी कुठल्याच यादीत न बसणारं एक आडनाव गेली पन्नास वर्षं नांदतं आहे. ते आडनाव म्हणजे वांग.

तिरोडी हे मँगनीजचं गाव. भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर रोडवरून निघालेला रेल्वेचा फाटा गोबरवाही, डोंगरी बुजुर्ग करत इथे येतो, आणि तो आला तोच मुळी खनिजासाठी. नागपूरला मुख्यालय असलेल्या मॉइल कंपनीच्या खदानी या पट्ट्यात ओळीनं आहेत. बालाघाटकडे भरवेली, उकवा, तिरोडी. भंडाऱ्याकडे चिखला आणि डोंगरी बुजुर्ग. नागपूरकडे मनसर, कांद्री, गुमगाव. खदानीच्या गावाला बाहेरचा माणूस नवा नसतो. मजूर, मुकादम, ठेकेदार, रेल्वेचे लोक असे कुठून कुठून आलेले असतात. तरीही १९६९ साली पोलिसांनी तिथे आणून सोडलेला माणूस गावाला नवाच होता. तो चीनच्या लष्करातला होता, त्याला इथली भाषा येत नव्हती आणि त्याचं नाव होतं वांग छी.

त्याची हकीकत २०१७ मध्ये जगभरच्या वर्तमानपत्रांत आली. चीनच्या शान्शी प्रांतात, शिएनयांग शहराच्या भागातल्या छिएन तालुक्यात, श्वेचायनान नावाच्या खेड्यात एका शेतकरी कुटुंबात त्याचा जन्म झाला. मोजणीचं शिक्षण घेतलं, १९६० मध्ये लष्करात भरती झाला, काम मिळालं रस्ते बांधण्याचं. २० ऑक्टोबर १९६२ ला सुरू झालेलं भारत-चीन युद्ध चीनच्या घोषणेनं महिन्याभरात थांबलं. युद्ध थांबल्यानंतर, जानेवारी १९६३ मध्ये, हा तरुण छावणीबाहेर पडला आणि वाट चुकून भारताच्या हद्दीत आला, असं त्यानं पुढे सांगितलं. रेड क्रॉसची गाडी दिसली म्हणून त्यानं मदत मागितली आणि तिथून तो भारतीय लष्कराच्या ताब्यात गेला. मग सहा-सात वर्षं वेगवेगळ्या तुरुंगांत गेली. १९६९ मध्ये न्यायालयानं सुटकेचा आदेश दिला. आदेशानं तो तुरुंगाबाहेर आला, पण त्याला घरी जाता आलं नाही. त्याला तिरोडीत आणलं गेलं.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. या युद्धात चीननं पकडलेले हजारो भारतीय सैनिक १९६३ च्या पूर्वार्धातच परत आले. त्यांचा हिशोब तेव्हाच मिटला. वांग छी मात्र युद्ध संपल्यावर सापडलेला; तो ना धड युद्धकैदी ठरला, ना घुसखोर, ना निर्वासित. ज्या रकान्यात त्याचं नाव लिहिता येईल असा रकानाच कुठल्या रजिस्टरात नव्हता. त्याची पुढची सगळी फरफट या एका गोष्टीतून झाली.

तिरोडीत त्याला आटाचक्कीवर काम मिळालं. ज्या माणसानं डोंगरी रस्त्यांची मोजणी शिकली होती, तो आता धान्य दळून देऊ लागला. गावानं त्याला राज बहादुर म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव रूढ झालं. सत्तरच्या दशकाच्या मध्याला त्याचं तिथल्याच मुलीशी लग्न झालं, मुलं झाली. घरात हिंदी, बाहेर हिंदी आणि पोवारी, बाजाराला जाताना मराठी कानावर. मुलांची नावं इथल्या देवाधर्मातली ठेवली गेली, पण त्या नावांपुढे आडनाव लागलं ते बापाचं. वांग हे बालाघाटचं आडनाव झालं ते त्या दिवशी.

हे आडनाव आलं कुठून, ते बघण्यासारखं आहे.

चीनमध्ये आडनाव आधी आणि नाव नंतर. वांग छी यातलं वांग हे कुळ, छी हे त्याचं स्वतःचं नाव. आपल्याकडे एका तालुक्यात शेकडो आडनावं सापडतात. चीनसारख्या अवाढव्य देशात वापरातली आडनावं सगळी मिळून सुमारे सहा हजार, आणि त्यांतही वांग, ली, झांग, लिऊ, चेन या पाचांत देशाची जवळपास तीन दशांश माणसं येतात. वांग या सगळ्यांत पहिलं. दहा कोटींहून जास्त लोक ते लावतात. बहुतेक देशांची लोकसंख्याही याहून कमी आहे.

या आडनावाचं अक्षर लिहायला अगदी सोपं. तीन आडव्या रेघा, एक उभी. वरून दोन आडव्या ओढायच्या, मग मधून उभी, आणि शेवटी तळाची आडवी. अर्थ राजा. हान काळातल्या पंडितांनी या चार रेघांचं तत्त्वज्ञान मांडलं: आकाश, माणूस आणि पृथ्वी या तिघांना जोडणारा तो राजा. आनयांगच्या परिसरात मिळालेल्या तीन हजार वर्षांपूर्वीच्या अस्थिलेखांवर मात्र या अक्षराचं जुनं रूप दिसतं, आणि आजचे बरेच अभ्यासक त्यात कुऱ्हाडीचं पातं पाहतात. शिक्षा देण्याचा अधिकार ज्याच्या हाती, तो राजा. दुसरं स्पष्टीकरण कमी गोड आहे, पण इतिहासाला धरून वाटतं.

या कुळाच्या उगमाची एकच कथा नाही, निदान तीन तरी मोठ्या कथा आहेत. पहिली झोऊ घराण्याची. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात राजा लिंग याच्या राजधानीजवळ दोन नद्यांना पूर आला. राजवाडा वाचवायला राजाने बांध घालून पाणी अडवायचं ठरवलं. युवराज जिन यानं विरोध केला. पाणी अडवू नये, त्याला वाट करून द्यावी, पूर्वीच्या शहाण्या राजांनी तसंच केलं होतं, असं त्याचं म्हणणं. राजानं ऐकलं नाही. परंपरा सांगते की या स्पष्ट बोलण्याची शिक्षा म्हणून युवराजाचं युवराजपद गेलं आणि तो सामान्य प्रजाजन झाला. त्याच्या वंशजांना आजूबाजूचे लोक ‘राजाच्या घरचे’ म्हणू लागले. ताइयुआन आणि लांगया या दोन ठिकाणची, पुढे शेकडो वर्षं चीनच्या राजकारणात गाजलेली वांग घराणी आपलं मूळ या जिनपर्यंत नेतात. चिनी सुलेखनात ज्याच्या पंक्तीला कुणाला बसवलं जात नाही तो चौथ्या शतकातला वांग शीचि हा लांगयाच्या वांगांपैकीच.

दुसरी कथा त्याहून जुनी आणि रक्ताळलेली. शांग घराण्याच्या शेवटच्या जुलमी राजाला त्याच्या नात्यातल्या बी गान या राजपुरुषानं खडे बोल सुनावले, म्हणून राजानं त्याला ठार करवलं. त्याच्या समाधीपाशी राहिलेल्या वंशजांना लोक वांग म्हणू लागले. तिसरी कथा छी राज्याची. इसवी सनापूर्वी २२१ मध्ये छिन सम्राटानं हे शेवटचं राज्यही गिळलं. राज्य गेलं, राजवंशातली माणसं गावोगाव पांगली, आणि त्यांनाही शेजाऱ्यांनी तेच नाव दिलं. इसवी सन ९ मध्ये हान सिंहासन बळकावून चौदा वर्षं राज्य करणारा वांग मांग आपलं मूळ याच शाखेत सांगत असे.

तिन्ही कथांत एक गोष्ट समान आहे. हे आडनाव गादीवर बसलेल्यांनी लावलेलं नाही. गादी गेलेल्या, सामान्य झालेल्या, परक्या गावात जाऊन राहिलेल्या माणसांना ते मिळालं, आणि दिलं ते शेजाऱ्यांनी. दहा कोटींचं कुळ असं तयार झालं. शिवाय त्यात इतरही येऊन मिसळले. उत्तरेकडच्या भटक्या टोळ्यांपैकी काहींनी, जुर्चेन लोकांच्या राजघराण्यातल्या काही शाखांनीही चिनी होताना वांग आडनाव घेतलं. तेव्हा एका रक्ताचे असे वांग कधीच नव्हते. शुद्ध वंशाचा दावा करणाऱ्या कुठल्याही कुळाची वही नीट उघडली तर त्यात अशीच सरमिसळ निघते.

उलटही घडलं. कोरियात ९१८ मध्ये गोर्यो राज्य स्थापणाऱ्या राजाचं आडनाव वांगच होतं. १३९२ मध्ये ते राज्य उलथलं आणि नव्या राजवटीनं वांग आडनावाची माणसं शोधून शोधून मारली. जी वाचली त्यांनी त्या चार रेघांच्या अक्षराला एखाद-दुसरी रेघ जोडून दुसरंच आडनाव तयार केलं, असं कोरियन परंपरा सांगते. एक ठिपका वाढवला की जीव वाचतो, अशी ती वेळ.

भारताच्या इतिहासातही एक वांग आहे आणि तो तिरोडीच्या वांगांहून तेराशे वर्षं जुना. हर्षवर्धनाच्या दरबारात ह्युएन त्संग येऊन गेला, हे शाळेच्या पुस्तकात असतं. त्यानंतर तांग सम्राटानं पाठवलेल्या दूतांपैकी वांग श्वानत्से याचं नाव मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं. तो पहिल्यांदा आला ६४३ मध्ये. पुढच्या खेपेला तो पोचला तेव्हा हर्ष वारला होता आणि अर्जुन किंवा अरुणाश्व या नावानं ओळखल्या जाणाऱ्या एकानं सत्ता बळकावली होती. त्यानं दूताच्या ताफ्यावर हल्ला केला. वांग निसटला, तिबेट आणि नेपाळच्या राजांकडून सैन्य मिळवलं, परत येऊन अर्जुनाला हरवलं आणि ६४८ मध्ये त्याला कैद करून तांग राजधानी चांगआनला नेलं. चांगआन म्हणजे आजचं शीआन. सम्राट ताइझोंगच्या समाधीपाशी परदेशी राजांचे जे चौदा दगडी पुतळे उभारले गेले, त्यांत एक या भारतीय कैद्याचा होता. त्याच्या नावाचा चौथरा उत्खननात सापडला आहे. ही समाधी ज्या शिएनयांगच्या भागात आहे, त्याच भागात वांग छीचं खेडं आहे.

एका वांगनं भारतातला माणूस कैद करून शिएनयांगच्या परिसरात नेला. तेरा शतकांनी तिथला एक वांग भारतात कैद झाला. यातून कुठला दैवी हिशोब काढायचं कारण नाही. पण दोन देशांमधली ये-जा किती जुनी आहे आणि त्यात मुलूखगिरी, तीर्थयात्रा, कैद, लग्न हे सगळं कसं होतं, ते यावरून कळतं. भारत आणि चीन यांच्यामध्ये फक्त १९६२ आहे असं धरून चालणाऱ्यांनी हा चौथरा आठवावा.

महाराष्ट्राला तर आडनावांच्या या देवाणघेवाणीचं दुसरं टोक घरातलंच आहे. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचं पथक जपानशी लढणाऱ्या चीनमध्ये गेलं. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते आणि नागपूरचे डॉ. चोळकरही. चिन्यांनी पाचही जणांना चिनी नावं दिली आणि प्रत्येक नावाच्या शेवटी ‘हुआ’, म्हणजे चीन, हे अक्षर जोडलं. कोटणीसांचं नाव झालं के दिहुआ. के हे चीनमधलं खरं, जुनं आडनाव. कोटणिसांनी तिथल्या नर्स क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं, १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला, त्याचं नाव ठेवलं इनहुआ, म्हणजे भारत आणि चीन. त्याच वर्षी ९ डिसेंबरला, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, कोटणीस गेले. मुलगा आडनाव लावत होता के. सोलापूरच्या कोटणिसांचा नातू चिनी शाळेच्या हजेरीपटावर के इनहुआ होता आणि कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. तो डॉक्टर व्हायला शिकत असतानाच १९६७ मध्ये वारला. व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या चित्रपटामुळे कोटणीस घराघरांत पोचले. के हे आडनाव मात्र फार थोड्यांच्या लक्षात राहिलं.

कोटणीस आणि वांग छी यांची बरोबरी करायची नाही. एक मित्र म्हणून गेला, मदतीला गेला, तिथेच देह ठेवला. दुसरा शत्रूच्या गणवेशात आला. १९६२ चा घाव खोल होता आणि आहे. जून २०२० मध्ये गलवानमध्ये २० भारतीय जवान धारातीर्थी पडले तेव्हा तो पुन्हा उघडला. चिनी लष्करातून आलेल्या माणसाची चौकशी होणं, त्याच्यावर नजर राहणं, हे कुठल्याही सरकारचं कामच. प्रश्न त्यापुढचा आहे. न्यायालयानं सोडलेल्या माणसावरची नजर किती दशकं ठेवायची, आणि त्याच्या आडनावाबरोबर ती त्याच्या मुलांनातवंडांवरही ठेवायची का?

आडनावामागे कायदा लागला की काय होतं, हे या देशानं एकदा पाहिलेलं आहे. १९६२ च्या त्याच हिवाळ्यात आसाम, दार्जिलिंग, शिलाँगकडच्या चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना पकडून रेल्वेनं राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेण्यात आलं. त्यांतले अनेकजण भारतातच जन्मलेले, चहामळ्यांत आणि सुतारकामात राबलेले. ज्यांच्या आईबापांपैकी किंवा आजीआजोबांपैकी कुणीही कधीकाळी शत्रुदेशाचा नागरिक होता, अशांनाही गाठेल इतकं कायद्याचं जाळं मोठं करण्यात आलं होतं. काही कुटुंबं १९६७ पर्यंत तिथेच राहिली. बरीच परत आली तेव्हा घरदार दुसऱ्यांच्या हाती गेलं होतं. बरीच कॅनडा, तैवान, हाँगकाँगला निघून गेली. आसामातल्या माकूमच्या चिनी वस्तीवर रीता चौधरी यांनी २०१० मध्ये ‘माकाम’ ही कादंबरी लिहिली तेव्हा कुठे देशातल्या बाकीच्यांना ही हकीकत कळली. आजवर कुठल्याही सरकारनं या लोकांची माफी मागितलेली नाही. ती मागायला हवी होती आणि अजूनही मागता येईल.

तिरोडीच्या वांगांची गोष्ट देवळीच्या मानानं सौम्य, कारण गाव सौम्य निघालं. पण कागद सौम्य नव्हते. घरी पहिलं पत्र पोचलं ते ऐंशीच्या दशकात. आईचा आवाज फोनवर ऐकू आला तो २००२ मध्ये, चाळीस वर्षांनी. मरण्याआधी एकदा भेटावं, एवढं त्या आईचं म्हणणं होतं. २००६ मध्ये ती गेली. २००९ मध्ये एक पुतण्या पर्यटक म्हणून भारतात आला, त्यानं कागदपत्रं जमवायला मदत केली. २०१३ मध्ये चीननं वांग छीला पासपोर्ट दिला. तरी भारतातून बाहेर पडून पुन्हा परत येता येईल अशी सोय व्हायला आणखी चार वर्षं लागली. ११ फेब्रुवारी २०१७ ला तो मुलगा, सून आणि नातीसह बीजिंगला उतरला. ५४ वर्षांनी.

यात दोन्ही सरकारांचा दोष आहे आणि तो स्पष्ट म्हटला पाहिजे. भारतानं त्याला सोडलं पण कुठलाही दर्जा दिला नाही. चीननं आपला नागरिक आहे हे मान्य करायला पाच दशकं घेतली. आपल्या कायद्यात त्याच्यासारख्याला आजही जागा नाही. नागरिकत्व कायद्याप्रमाणे परदेशी माणसाला बारा वर्षांच्या वास्तव्यानंतर अर्ज करता येतो. अर्जाआधीचं अखंड एक वर्ष आणि त्याआधीच्या चौदा वर्षांपैकी अकरा. वांग छीचं वास्तव्य याच्या चौपट. पण पासपोर्टविना आलेला तो बेकायदा स्थलांतरित, आणि बेकायदा स्थलांतरिताला हा दरवाजा बंद, असं दुरुस्ती झालेला कायदा म्हणतो. ज्याला खुद्द पोलिसांनी आणून एका गावात ठेवलं, त्याला बेकायदा राहणारा म्हणायचं, हे कायद्याच्या भाषेतही बसत नाही. मुलांचं तसं नाही. १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेला जन्मानंच नागरिक, आणि त्यानंतर, ३ डिसेंबर २००४ पूर्वी जन्मलेल्यांनाही आई भारतीय असल्याचा आधार मिळतो. म्हणजे एकाच घरात आई भारतीय, मुलं भारतीय, आणि ज्याचं आडनाव सगळे लावतात तो एकटा परका.

अशी माणसं देशात बोटांवर मोजण्याइतकी. त्यांच्यासाठी केंद्राला नवं धोरण आखायची गरज नाही. कायमच्या वास्तव्याचा परवाना आणि दोन्ही देशांत हवं तेव्हा ये-जा करता येईल असा व्हिसा, एवढं प्रशासकीय आदेशानंही होऊ शकतं. दर काही महिन्यांनी म्हाताऱ्या माणसाला मुदतवाढीसाठी कचेरीत बोलवून कुठली सीमा सुरक्षित होते?

बालाघाटला तरी या बाबतीत कुणाकडून शिकायची गरज नाही, कारण हा जिल्हाच बाहेरून आलेल्या आडनावांनी वसवलेला आहे. बिसेन, पटले, रहांगडाले ही आज इथल्या मातीतली वाटणारी नावं माळव्यातून आली. पोवारांची परंपरा धारचं नाव सांगते. रामटेकजवळच्या नगरधनला ते आधी थांबले, मग वैनगंगेच्या खोऱ्यात उतरले, भोसल्यांच्या फौजेतून कटकपर्यंत लढायला गेले आणि त्या बदल्यात जमिनी मिळवून तळी बांधून धान पिकवू लागले. त्यांच्या छत्तीस कुळांच्या वंशावळी भाटांनी जपल्या. १८६७ मध्ये इंग्रजांनी भंडारा, मंडला आणि शिवनीचे तुकडे जोडून हा जिल्हा केला, तेव्हा तोही एका अर्थी नवाच होता. १९५६ च्या भाषावार रचनेत भंडारा इकडे आला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. एकाच कुळाचे भाऊ दोन राज्यांत वाटले गेले. आधीपासून इथे होते ते गोंड, आणि त्यांची मरकाम, टेकाम ही नावं आंब्याची आणि सागाची, जंगलातल्या झाडांची. बाकी सगळे कधी ना कधी पाहुणे.

गोंडांत चार देव, पाच देव, सहा देव, सात देव असे गट असतात आणि एका गटात लग्न होत नाही. पोवारांत एका कुळात होत नाही. चीनमध्येही एका आडनावात लग्न न करण्याची रूढी हजारो वर्षं पाळली गेली. त्या हिशोबानं पाहिलं तर तिरोडीत आलेल्या वांगला सोयरीक जुळवायला नियमाची कसलीच अडचण नव्हती. गावानं त्याला जावई करून घेतलं आणि मामला संपवला. हान काळातल्या शेजाऱ्यांनी परागंदा राजवंशाला जे केलं तेच तिरोडीनं एका परागंदा शिपायाला केलं: नाव दिलं, काम दिलं, घरात घेतलं. सरकारी कागद गावाच्या मागे राहिला तो किती वर्षं, ते वर आलंच आहे.

या आडनावाची नोंद मात्र कुणीतरी नीट करायला हवी. बालाघाट जिल्ह्याचं गॅझेटियर सी. ई. लो यांनी १९०७ मध्ये लिहिलं. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर चार खंड काढले. पोवार, मरार, लोधी, गोंड यांच्याबद्दल आपण आज जे सांगतो त्यातलं बरंच त्या कष्टांमुळे टिकलं. चीनमधल्या कुळांकडे ‘जियापू’ म्हणजे वंशावळीची पुस्तकं असतात. सांस्कृतिक क्रांतीत हजारो जाळली गेली, तरी शांघायच्या ग्रंथालयात त्यांचा प्रचंड संग्रह आज जपलेला आहे. तिरोडीच्या वांगांची वंशावळ शान्शीतल्या कुठल्या वहीत जाऊन जुळते, १९६९ मध्ये गावात त्याला पहिलं काम कसं मिळालं, लग्न कुणी जमवलं, मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी ते आडनाव पहिल्यांदा देवनागरीत कसं लिहिलं, हे सांगू शकणारी माणसं आता सत्तरी-ऐंशीतली आहेत. गोंदिया किंवा बालाघाटच्या महाविद्यालयातल्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी एक उन्हाळी सुट्टी यासाठी दिली, कुटुंबाची परवानगी घेऊन या आठवणी ध्वनिमुद्रित केल्या आणि शाळा, पोलीस ठाणं, पंचायत इथली दप्तरं तपासली, तर पुढच्या गॅझेटियरच्या ‘लोक’ या प्रकरणात बिसेन-पटल्यांच्या शेजारी वांग कुटुंबाला पानभर जागा सहज मिळेल. जिल्हा प्रशासनानं त्यांना दप्तर उघडून द्यावं, एवढीच त्यात सरकारकडून अपेक्षा.